केनेडींची पाठदुखी

ऑक्टोबर १९६१. व्हाइट हाउसमधील पोहण्याच्या तलावाला लागून असलेल्या छोट्या व्यायामशाळेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन फिट्झगेराल्ड केनेडी एका नव्या डॉक्टरपुढे उभे होते. वय ४४. पाठीवर आतापर्यंत चार शस्त्रक्रिया झालेल्या, कंबरेला घट्ट पट्टा, आणि दिवसातून दोन-तीनदा पाठीत भूल देणाऱ्या औषधाची इंजेक्शने. जिना चढण्या-उतरण्याचेही कष्ट पडत होते. जगातील सर्वात ताकदवान समजला जाणारा हा माणूस लवकरच चाकांच्या खुर्चीला खिळेल की काय, अशी भीती त्यांच्या जवळच्या डॉक्टरांना वाटू लागली होती.

नव्या डॉक्टरचे नाव हान्स क्राउस. न्यूयॉर्कमध्ये व्यवसाय करणारा, मूळचा ऑस्ट्रियन, आणि हाडाचा गिर्यारोहक. त्याने एक्स-रेइतकेच लक्ष स्नायूंकडे दिले. पोटाचे स्नायू किती जोर लावू शकतात, पाठीचे किती, मांडीच्या मागचे किती ताणले जातात, हे हाताने आणि साध्या हालचालींनी तपासले. पोट आणि पाठ अशक्त, मांडीचे मागचे स्नायू दोरीसारखे आखडलेले. निदान झाले. औषध होते व्यायाम, आणि तोही जमिनीवर आडवे पडून करायचा.

तिथपर्यंत पोहोचायला केनेडींना २० वर्षांहून अधिक काळ लागला. तो सगळा प्रवास पाहण्यासारखा आहे, कारण आजही कंबर धरून दवाखान्यात येणारी बरीच माणसे त्याच वाटेने जातात. फरक इतकाच की त्यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये डॉक्टर बोलावले जात नाहीत.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे झाला. नऊ भावंडांत ते दुसरे. वडील जोसेफ केनेडी गडगंज श्रीमंत, पुढे ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. घरात खेळांचे वेड, हरणे कुणालाच मान्य नाही, आणि त्यात हा मुलगा सतत आजारी. तिसरे वर्ष पुरे होण्याआधीच स्कार्लेट फीव्हरने तो मरता मरता वाचला. पोटाचे दुखणे, वजन न वाढणे, इस्पितळाच्या वाऱ्या यांतच शाळेची वर्षे गेली. हार्वर्डमध्ये शिकत असताना पाठ दुखू लागली. फुटबॉल खेळताना झालेली इजा हे कारण सांगितले जाते. पण विशीतला, शिडशिडीत मुलगा, कंबर दुखते म्हणतो आणि एक्स-रेमध्ये ठळक काही सापडत नाही, हे चित्र डॉक्टरांना अजिबात नवे नाही. बहुसंख्य कंबरदुखी अशीच असते. मोडलेले, सरकलेले, कुजलेले काही दाखवता येत नाही, आणि दुखते मात्र खरेच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाठीमुळेच त्यांना लष्करी तपासणीत नाकारले गेले. वडिलांनी ओळखी वापरल्या आणि १९४१ च्या ऑक्टोबरात मुलगा नौदलात शिरला. एरवी श्रीमंत बापाचे वजन मुलाला युद्धापासून दूर ठेवायला वापरले जाते, इथे उलट झाले. केनेडींकडे एक छोटी पाणतीर नौका सोपवण्यात आली. तिचा क्रमांक पीटी-१०९. अशा नौका लाटांवर आपटत धावतात. प्रत्येक आदळण्याचा धक्का बसलेल्याच्या मणक्यातून वर जातो. दुखऱ्या कंबरेसाठी यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती.

१९४३ च्या ऑगस्टमधील पहिल्या-दुसऱ्या तारखेच्या मधल्या रात्री सॉलोमन बेटांजवळ ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने पीटी-१०९ चे दोन तुकडे केले. नौकेवरील १३ जणांपैकी दोघे मेले. उरलेले ११ जण तुकड्याला धरून तरंगत राहिले आणि दुसऱ्या दिवशी पोहत एका बेटाकडे निघाले. पॅट्रिक मॅकमहोन हा खलाशी भाजलेला होता. त्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून केनेडींनी त्याला जवळपास साडेतीन मैल ओढत नेले. सुमारे चार तास ते पाण्यात होते. पुढे स्थानिक बेटवासीयांच्या मदतीने, नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप पाठवून, सगळ्यांची सुटका झाली. केनेडी वीर ठरले. पाठीचे काय झाले ते कुणी विचारले नाही, आणि त्यांनीही फारसे सांगितले नाही.

दुखणे वाढले तशी जून १९४४ मध्ये बोस्टनला पहिली शस्त्रक्रिया झाली. मणक्यांमधील गादी सरकून शिरेवर दाब आला असेल, असा अंदाज होता. प्रत्यक्ष उघडल्यावर अपेक्षेसारखी सरकलेली गादी मिळाली नाही. जे थोडेफार झिजलेले कूर्चेसारखे ऊतक होते ते काढून टाकले. दुखणे कायम राहिले. शस्त्रक्रिया चुकीची झाली असे नव्हे, ती ज्या कारणासाठी केली ते कारणच तिथे नव्हते. गादीची शस्त्रक्रिया पायात उतरणाऱ्या कळेसाठी, शिरेवर खरोखर दाब असेल तेव्हा उत्तम काम करते. नुसत्या कंबरेच्या ठणक्यावर तिचा भरवसा नाही. १९४४ मध्ये एमआरआय नव्हता, तेव्हा अंदाज चुकणे समजण्यासारखे आहे. आज एमआरआय आहे, आणि अडचण उलटी झाली आहे. चाळिशीनंतर कुणाचाही एमआरआय काढा, झिजलेली किंवा फुगलेली एखादी गादी बहुतेक वेळा सापडतेच, दुखत असो वा नसो. अहवालातले ते वाक्य वाचून रुग्ण हालचालच बंद करतो.

युद्धानंतर केनेडी राजकारणात आले. १९४६ मध्ये प्रतिनिधीगृहात, १९५२ मध्ये सिनेटवर निवडून आले. मधल्या काळात, १९४७ मध्ये, लंडनला असताना त्यांना अ‍ॅडिसनचा आजार असल्याचे निदान झाले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी यात पुरेशी संप्रेरके तयार करत नाहीत. ताप, जखम, शस्त्रक्रिया असा कोणताही ताण शरीराला पेलवत नाही, रक्तदाब कोसळतो. कॉर्टिसोनसारखी स्टेरॉइड औषधे आली म्हणून असे रुग्ण जगू लागले. पण तीच औषधे वर्षानुवर्षे घेतली की हाडे ठिसूळ होतात आणि जखमा चिघळतात. म्हणजे पाठ आधीच दुखरी, आणि वर जीव वाचवणारे औषधच हाडांच्या मुळावर. हा आजार जनतेपासून लपवून ठेवण्यात आला. त्यांच्या आजारपणाच्या कागदपत्रांतून सविस्तर हकिगत बाहेर आली ती २००२ नंतर.

सप्टेंबर १९५३ मध्ये जॅकलीन बुव्हिए यांच्याशी लग्न झाले. पुढच्या वर्षी केनेडी कुबड्यांवर होते. बोस्टनच्या डॉक्टरांनी मोठ्या शस्त्रक्रियेला विरोध केला, कारण अ‍ॅडिसनच्या रुग्णावर ती करणे म्हणजे जिवाशी खेळ. न्यूयॉर्कचे डॉक्टर तयार झाले. कुबड्यांवर आयुष्य काढण्यापेक्षा धोका पत्करायचे केनेडींनी ठरवले. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. फिलिप विल्सन यांच्या पथकाने मणके धातूच्या पट्टीने आणि स्क्रूंनी जोडले. शस्त्रक्रिया तीन तासांहून जास्त चालली. तीन दिवसांनी मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला, केनेडी बेशुद्ध झाले, धर्मगुरूंना बोलावून अंतिम विधी करण्यात आला. ते वाचले. अ‍ॅडिसनच्या रुग्णावर इतकी मोठी शस्त्रक्रिया पार पडणे त्या काळी इतके दुर्मीळ होते की १९५५ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात त्यावर लेख छापून आला. रुग्णाचे नाव दिले नव्हते, फक्त ३७ वर्षांचा पुरुष इतकाच उल्लेख होता.

यश म्हणावे असे पुढे काही घडले नाही. जखम भरेना, पू होऊ लागला. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करून ती पट्टी आणि स्क्रू काढून टाकावे लागले. पाठीवर मोठी उघडी जखम घेऊन केनेडी फ्लोरिडात पडून राहिले. त्याच पडून राहण्याच्या काळात ‘प्रोफाइल्स इन करेज’ या पुस्तकाचे काम झाले, ज्याला १९५७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मे १९५५ मध्ये ते सिनेटमध्ये परतले. सप्टेंबर १९५७ मध्ये जुन्या जखमेच्या जागी गळू झाले आणि चौथ्यांदा सुरी लागली. चार शस्त्रक्रियांनंतर पाठ पहिल्यापेक्षा सुधारली होती असे म्हणता येत नाही.

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्यावर उपचार करू लागल्या. या बाई स्नायूंच्या दुखण्याच्या मोठ्या अभ्यासक होत्या. स्नायूंत विशिष्ट गाठीसारखे बिंदू असतात, तिथे दाबले की दूरवर कळ जाते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले आणि त्यांचे हे काम आजही शिकवले जाते. केनेडींचा डावा पाय किंचित आखूड असल्याचे त्यांनी ओळखले आणि बुटाच्या टाचेत उंची घातली. बसायला झुलती खुर्ची दिली. ती खुर्ची पुढे इतकी प्रसिद्ध झाली की केनेडी म्हटले की लोकांना तीच आठवे. दुखऱ्या बिंदूंत त्या प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने देत. केनेडींना आराम पडे. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी ट्रॅव्हेल यांना व्हाइट हाउसच्या डॉक्टर म्हणून नेमले. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री.

पण इंजेक्शनचा गुण तासांत मोजायचा. दुखणे बधिर होई, स्नायू होते तसेच राहत. कंबरेला पट्टा, त्यावर लांब आवळपट्टी, बसायला खास खुर्ची, पोहायला कोमट पाणी, दुखले की सुई. यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहिली तर वाजवीच होती. एकत्र मिळून मात्र त्यांनी पाठीचे सगळे काम पाठीकडून काढून घेतले.

मे १९६१ मध्ये केनेडी कॅनडाच्या भेटीवर गेले. ओटावा येथे एका समारंभात त्यांनी ओक वृक्षाच्या रोपावर फावड्याने माती टाकली. वाकून, कंबर फिरवून उचललेली दोन-चार फावडी. पाठीत जोराची कळ आली आणि पुढचे काही आठवडे कुबड्यांवर गेले. जूनच्या सुरुवातीला व्हिएन्नात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी भेट ठरली होती. लोकांसमोर कुबड्या दिसू नयेत यासाठी धडपड झाली. न्यूयॉर्कचे मॅक्स जेकबसन नावाचे एक डॉक्टरही त्या दौऱ्यात पोहोचले. त्यांच्या इंजेक्शनांत अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक असे. पुढे १९७५ मध्ये या जेकबसन यांचा परवाना रद्द झाला. दुखणे हटेना की माणूस कुणाच्याही सुईला दंड पुढे करतो, मग तो राष्ट्राध्यक्ष का असेना.

अखेर नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली आणि केनेडींच्या अ‍ॅडिसनवर उपचार करणारे डॉ. युजीन कोहेन यांनी आग्रह धरला. इंजेक्शने थांबली पाहिजेत आणि क्राउस यांना बोलवायलाच हवे.

क्राउस यांचा जन्म १९०५ चा, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत असलेल्या त्रिएस्त शहरातला. लहानपणी त्यांना इंग्रजी शिकवायला येणारे गृहस्थ म्हणजे लेखक जेम्स जॉइस. व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर त्यांच्याकडे मुरगळलेले, पडलेले गिर्यारोहक आणि बर्फावर घसरणारे खेळाडू येत. त्या काळची रीत म्हणजे प्लास्टर घाला आणि पडून राहा. क्राउस दुखऱ्या जागेवर थंड फवारा मारत आणि लगेच हळूहळू हालचाल सुरू करत. माणसे लवकर बरी होत. १९३८ मध्ये नाझींच्या सावटात ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्क राज्यातील शावंगंक डोंगरातील कड्यांवर त्यांनी नवे मार्ग शोधले. तिथला ‘हाय एक्स्पोजर’ हा आजही नावाजलेला मार्ग त्यांनी १९४१ मध्ये फ्रिट्झ वीसनर यांच्या साथीने पहिल्यांदा सर केला.

कोलंबिया विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. सोन्या वेबर यांच्यासोबत त्यांनी स्नायूंची किमान ताकद आणि लवचीकता मोजणाऱ्या सहा सोप्या हालचाली ठरवल्या. उताणे पडून उठून बसता येते का, पाय उचलून धरता येतात का, पालथे पडून छाती आणि मग पाय उचलता येतात का, गुडघे न वाकवता बोटे जमिनीला टेकतात का. साधन काहीच नको. पाठदुखीच्या पुष्कळ रुग्णांना यातले काही ना काही जमत नसे. मग त्यांनी निरोगी शाळकरी मुले तपासली. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले कुठेतरी अडली, युरोपातील दहात एकही नाही. या आकड्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर इतके अस्वस्थ झाले की १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. क्राउस यांचे म्हणणे असे की मोटार, खुर्ची आणि मानसिक ताण यांनी स्नायू एकाच वेळी कमजोर आणि आखडलेले होतात, आणि पाठदुखीचा मोठा वाटा तिथे आहे.

केनेडींना त्यांनी स्पष्ट बजावले की इंजेक्शने चालू राहिली आणि नियमित व्यायाम झाला नाही तर अपंगत्व येईल. उपचार माझ्या पद्धतीने, मध्ये कुणाची ढवळाढवळ नको, अशी अट घातली. ट्रॅव्हेल हळूहळू बाजूला पडल्या. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू झाला, सोबत मालीश, शेक आणि पोहणे.

क्राउस पाठीच्या रुग्णांना जो क्रम देत, त्यात अवघड असे काही नाही, आणि म्हणूनच लोकांना तो व्यायाम वाटत नाही. सतरंजी किंवा चटई जमिनीवर अंथरायची. मऊ गादीवर नाही, तिथे कंबर खचते. उताणे पडून गुडघे दुमडायचे, पावले जमिनीवर टेकलेली. डोळे मिटून संथ श्वास, आणि अंग सैल सोडणे. क्राउस यांच्या मते ही पहिली पायरी चुकवली तर पुढचे सगळे वाया, कारण आखडलेल्या स्नायूवर जोर दिला की तो आणखी आखडतो. मग एक पाय जमिनीवरून घसरवत सरळ करायचा, तसाच परत आणायचा. नंतर दुसरा. खांदे कानांकडे उचलायचे आणि सोडून द्यायचे. मान एका बाजूला वळवून सैल सोडायची, मग दुसऱ्या. एक गुडघा झेपेल तेवढा छातीकडे आणायचा, हाताने खेचायचा नाही. कुशीवर वळून वरचा पाय दुमडून पुढे आणायचा आणि घसरवत परत सरळ करायचा. पालथे पडून नितंबाचे स्नायू आवळायचे, दोन क्षण धरायचे, सोडायचे. गुडघे आणि तळहातांवर येऊन मांजरासारखी पाठ वर कमानदार करायची, मग अलगद खाली सोडायची.

प्रत्येक हालचाल दोन-तीनदाच. शेवटापर्यंत गेले की उलट क्रमाने पुन्हा पहिल्या हालचालीवर यायचे आणि अंग सैल सोडून थांबायचे. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे. काही आठवडे हे अंगवळणी पडले की मग जोराच्या हालचाली. गुडघे दुमडलेले ठेवून डोके आणि खांदे एवढेच जमिनीवरून उचलणे, उताणे पडून एकेक पाय सरळ वर नेत मांडीच्या मागचा स्नायू ताणणे. पाय सरळ ठेवून झटक्याने उठून बसण्याच्या ज्या बैठका व्यायामशाळेत घेतल्या जातात, त्या दुखऱ्या कंबरेने टाळाव्यात. क्राउस यांच्या तपासणीत तशी हालचाल होती, पण ती एकदाच, मोजण्यापुरती. घाईत, जेवण होताच किंवा मनात राग असताना हे करू नये. एखाद्या हालचालीने दुखणे वाढले तर ती सोडून मागच्या हालचालीवर यावे. नंतर थोडे दुखरे वाटणे वेगळे, आणि पायात कळ उतरणे वेगळे. दुसरे झाले तर थांबायचे.

व्हाइट हाउसमधील नोंदी सांगतात की १९६२ च्या जानेवारीत केनेडींची प्रकृती १९६१ मधल्या कोणत्याही महिन्यापेक्षा चांगली होती. फेब्रुवारी बिनतक्रार गेला आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांनी एकंदर प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले. १९६३ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा गोल्फ खेळत होते. चार शस्त्रक्रियांनी जे साधले नाही ते काही महिन्यांच्या व्यायामाने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो थोडा आवरायला हवा. व्यायामासोबत मालीश होते, पोहणे होते, इंजेक्शने थांबली होती, अ‍ॅडिसनची औषधे चालूच होती. एका माणसाच्या हकिगतीवरून कोणत्या गोष्टीचा किती वाटा ते ठरवता येत नाही.

त्यासाठी अनेक रुग्णांवरच्या चाचण्या लागतात, आणि त्या नंतर झाल्या. जुनाट कंबरदुखीवर व्यायामाचा उपयोग किती, हे तपासणाऱ्या २४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. काहीच न करणे किंवा नेहमीचे उपचार यांच्या तुलनेत व्यायामाने दुखणे कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. फायदा चमत्कार वाटावा इतका मोठा नाही, पण खरा आहे. महागडे यंत्र लावून केलेलाच व्यायाम चालतो असेही नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर कंबरेचे पट्टे पाठदुखीसाठी देऊ नयेत असेच म्हटले आहे. आपल्याकडे मात्र औषधाच्या दुकानातून पट्टा आधी येतो. प्रवासापुरता, जड काम करण्यापुरता तो वापरला तर बिघडत नाही, दिवसभर बांधून वर्षे काढणे वेगळे.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. केनेडींसारखा रुग्ण आज दवाखान्यात आला तर त्याला आधी चटईवर नव्हे, तपासणीला पाठवावे लागेल. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या मणक्याला किरकोळ धक्क्यानेही भेग पडू शकते. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर घरगुती व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद जात असेल, बसताना टेकतो त्या भागात बधिरपणा आला असेल, लघवी तुंबत असेल किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे काही तासही महत्त्वाचे असतात आणि तिथे शस्त्रक्रियाच पाय वाचवते.

केनेडींचा पट्टा काही सुटला नाही. स्नायू सुधारल्यावर तो काढून टाकावा, असा क्राउस यांचा विचार होता. १९६३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस केनेडींच्या जांघेतला स्नायू दुखावला आणि पट्टा पुन्हा आवळला गेला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात उघड्या मोटारीतून जाताना तो त्यांच्या कंबरेला होता, त्यावर लांब आवळपट्टीही गुंडाळलेली होती. पहिली गोळी मानेतून गेल्यावर ते खाली कोसळले नाहीत, बसल्या जागी ताठच राहिले आणि काही सेकंदांनी दुसरी गोळी डोक्यात लागली. पट्टा नसता तर ते पुढे वाकले असते आणि दुसरी गोळी चुकली असती, असे काही डॉक्टरांनी लिहिले आहे. इतरांना ते पटत नाही, कारण पहिल्या जखमेनंतर शरीर कसे वागले असते हे सांगणे कठीण. त्या वेळी ते ४६ वर्षांचे होते.

क्राउस न्यूयॉर्कमध्ये रुग्ण पाहत राहिले. १९६५ मध्ये पाठदुखीवरचे त्यांचे पुस्तक आले आणि त्यात घरी करायच्या हालचाली सामान्य वाचकांसाठी दिल्या होत्या. पुढे वायएमसीएने त्यांच्याच क्रमावर अमेरिकेत पाठीच्या व्यायामाचे वर्ग चालवले. गावातली मोकळी खोली, एक शिक्षक आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या चटया एवढ्यावर वर्ग भरत असे.